बक्षिसाचा माहितीपट आणि आपल्या रानातला ऊस

सभासद बंधू-भगिनींनो,

दर अंकात या पानावर आपण लागण, खोडवा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या अशा विषयांवर बोलतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. उद्योगधंद्यांचे आणि शिक्षणाचे जे माहितीपट निघतात, त्यांचे महोत्सव आणि बक्षीस-स्पर्धा असतात. त्या काय असतात, कशा चालतात आणि त्यातल्या बक्षिसाचा ऊस उत्पादकाला उपयोग किती, याचा विचार या लेखात करायचा आहे.

आपण म्हणाल, “साहेब, आमचा आणि सिनेमाच्या बक्षिसाचा काय संबंध?” संबंध आहे, आणि तो आपल्या पैशाचा आहे. शेतकी विभागाने खोडवा व्यवस्थापनावर नवीन माहितीपट काढण्याचे ठरवले आहे. त्याचा सुगावा लागताच एका मध्यस्थाचे पत्र कारखान्याकडे आले. “तुमचा माहितीपट आम्ही परदेशातल्या स्पर्धेत पाठवतो. प्रवेश फी आणि आमचा मेहनताना भरा. बक्षिसाची जवळजवळ खात्री समजा.” पत्र अभिप्रायासाठी माझ्याकडे आले आहे. अभिप्राय मी संचालक मंडळाला देईनच. पण भाग भांडवल तुमचे, ऊस तुमचा, तेव्हा हा विषय तुमच्यापुढेही मांडावा असे वाटले.

स्पर्धा म्हणजे काय?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. महोत्सव म्हणजे जिथे निवडलेले चित्रपट लोकांना दाखवतात, त्यावर चर्चा होते आणि शेवटी बक्षिसे दिली जातात. बक्षीस-स्पर्धा म्हणजे जिथे चित्रपट फक्त परीक्षक पाहतात. लोकांना तो दाखवलाच पाहिजे असे नसते. निकाल लागतो, प्रमाणपत्र आणि ढाल मिळते.

दोन्हीकडे रीत साधारण सारखी असते. प्रवेश अर्ज भरायचा. चित्रपट कोणत्या गटात बसतो ते सांगायचे : प्रशिक्षण, कामगार सुरक्षा, आरोग्य, शेती, पर्यावरण, संस्थेची ओळख वगैरे. लांबीची मर्यादा पाळायची. बहुतेक ठिकाणी फी भरायची. मग पहिली चाळणी होते. चाळणीतून उतरलेले चित्रपट परीक्षक मंडळापुढे जातात आणि ते विषय, मांडणी, छायाचित्रण, ध्वनी, संकलन असे गुण देतात.

इथे एक बारकावा ध्यानात घ्या. काही स्पर्धांत एका गटात पहिला एकच असतो. काही स्पर्धांत मात्र ठरावीक गुणांच्या वर गेलेल्या प्रत्येकाला ‘सुवर्ण’ मिळते. दोन्ही रीती आपापल्या जागी रास्त आहेत. पण ‘आमच्या चित्रपटाला सुवर्ण मिळाले’ एवढ्या वाक्यावरून त्याने शंभरांना मागे टाकले की शंभरांबरोबर तोही पास झाला, हे कळत नाही.

आपल्याकडच्या ऊसभूषण स्पर्धेशी ताडून पाहा. तिथे क्षेत्र मोजतात, ऊस काट्यावर जातो, हेक्टरी टन निघतात. गावात कुणी काही म्हणो, काटा बोलतो. चित्रपटाच्या स्पर्धेत काटा नाही. तिथे परीक्षकांची नजर आहे. नजर जाणकाराची असते, प्रामाणिकही असते, पण ती चित्रपटाला गुण देते. चित्रपट पाहून एखाद्याचे उत्पन्न वाढले की नाही, हे ती पाहू शकत नाही. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्यावर उभे आहे.

थोडा इतिहास

धंद्याच्या पैशातून उत्तम चित्रपट निघतो आणि त्याला मोठा मान मिळतो, याची उदाहरणे जुनी आहेत. १९३४ साली सिलोनच्या चहाच्या प्रचारासाठी तिथल्या चहा प्रचार मंडळाने बेसिल राइट या इंग्रज दिग्दर्शकाकडून ‘साँग ऑफ सिलोन’ हा माहितीपट काढून घेतला. १९३५ च्या ब्रुसेल्स महोत्सवात त्याला पहिले बक्षीस मिळाले. गंमत म्हणजे ‘आमचा चहा घ्या’ असे तो कुठे म्हणत नाही. बेटावरची माणसे, त्यांची भक्ती, त्यांची कामे तो दाखवतो. पण चहाच्या मळ्यात राबणाऱ्या मजुराची मजुरी किती, त्याचे हाल काय, याविषयी तो फारसे बोलत नाही. पैसे मळेवाल्यांच्या मंडळाचे होते, हे विसरून चालणार नाही. धडा असा की चित्रपट सुंदर असला तरी तो कोणाच्या पैशाचा आहे आणि त्यात काय दाखवलेले नाही, हेही पाहावे.

दुसरे उदाहरण हॉलंडचे. लेर्डाम येथील काच कारखान्याने बर्ट हान्स्ट्रा या दिग्दर्शकाला आपल्या धंद्यावर माहितीपट करायला सांगितले. ते काम त्याने केले आणि त्याच कामातून ‘ग्लास’ नावाचा जेमतेम दहा-अकरा मिनिटांचा आणखी एक चित्रपट १९५८ साली निघाला. त्यात निवेदन नाही. एकीकडे फुंकणीने काच फुगवणारे कारागीर, दुसरीकडे धडाधड बाटल्या काढणारे यंत्र. यंत्रात एक फुटकी बाटली अडकते आणि मागून येणाऱ्या बाटल्या एकामागून एक खाली पडून फुटत राहतात. यंत्राला ते कळत नाही, शेवटी माणूसच हात घालतो. या चित्रपटाला लघु माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. कारखान्याच्या फाटकाच्या आत घडणारी साधी गोष्ट, पण पाहणाऱ्याने नीट पाहिली, म्हणून जगभर गेली. आपल्या कारखान्यात बॉयलिंग हाऊसला पॅन उतरवताना पॅनमन ज्या नजरेने काचेवरचा रवा पाहतो, तेही कुणी असेच टिपले तर बघण्यासारखे होईल.

याच हान्स्ट्राने १९५५ च्या सुमारास शेल या तेल कंपनीसाठी ‘द रायव्हल वर्ल्ड’ हा चित्रपट केला. माणूस आणि कीटक यांच्या लढाईचा हा चित्रपट. टोळधाडी, विमानातून फवारणी, सगळे थरारक. त्या वेळी तो गाजला. पण त्या काळात ज्या औषधांचा असा डांगोरा पिटला गेला, त्यांतले डीडीटी आपल्या देशात शेतीसाठी वापरायला १९८९ साली बंदी आली, आणि डिल्ड्रिन २००१ च्या स्टॉकहोम करारात जगभर बंद करावयाच्या रसायनांच्या यादीत गेले. चित्रपट तसाच राहिला, शास्त्र पुढे गेले. तेव्हा शेतीचा कोणताही माहितीपट पाहताना तो कोणत्या साली निघाला हे आधी विचारावे. बक्षीस शिळे होत नाही, पण शिफारस शिळी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर १६ मिलिमीटरचे छोटे प्रोजेक्टर शाळा, कारखाने आणि संस्थांतून पोचले, आणि थिएटरबाहेर दाखवायच्या चित्रपटांचे पेवच फुटले. त्यातले चांगले कोणते हे निवडायला स्पर्धा निघाल्या. अमेरिकेत १९५७ साली ‘सिने’ नावाची संस्था स्थापन झाली. परदेशी महोत्सवांना आपल्या देशातर्फे कोणते माहितीपट पाठवायचे हे ती ठरवी आणि निवडलेल्यांना ‘सुवर्ण गरुड’ देत असे. म्हणजे या स्पर्धांचा मूळ हेतू निवड करण्याचा होता. शाळेच्या मास्तरला, कारखान्याच्या प्रशिक्षण अधिकाऱ्याला शेकडो चित्रपट बघायला सवड नसते. कुणी जाणकाराने चाळण लावून दिली तर त्याचे काम सोपे होते. हा हेतू चांगलाच होता आणि आजही आहे.

खास शेतीच्या चित्रपटांचेही महोत्सव आहेत. स्लोव्हाकियातील नित्रा या शहरी १९८० च्या दशकापासून ‘ॲग्रोफिल्म’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत आला आहे. शेती, अन्न, माती, पाणी यांवरचे माहितीपट तिथे दाखवले जातात.

आपल्या देशात

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली, १९५३ च्या चित्रपटांसाठी, सुरू झाले. त्या पहिल्या वर्षी सर्वोत्तम कथापटाचा मान आपल्या ‘श्यामची आई’ला मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच वर्षी सर्वोत्तम माहितीपट ठरला तो ‘महाबळेश्वर’, हे फारसे कुणाला माहीत नसते. जिथून आपली कृष्णा निघते त्याच ठिकाणाचे नाव माहितीपटांच्या यादीत पहिले आहे.

पुढे या पुरस्कारांत शैक्षणिक चित्रपट, प्रचारपट असे निरनिराळे गट आले आणि १९८० च्या दशकात शेतीविषयक चित्रपटालाही स्वतंत्र पुरस्कार होता. नंतरच्या काळात गट बदलत गेले, काही एकमेकांत मिसळले. शालेय शैक्षणिक चित्रफितींसाठी एनसीईआरटीच्या केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेने वेगळे महोत्सव भरवले आहेत.

१९४८ साली मुंबईत स्थापन झालेले फिल्म्स डिव्हिजन तुमच्यापैकी वयस्कर मंडळींना आठवत असेल. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी त्यांची रिळे दाखवणे सक्तीचे असे. ओरिसातल्या एका शेतकरी कुटुंबावरचा फली बिलिमोरियांचा ‘द हाऊस दॅट आनंद बिल्ट’ हा त्यांचाच माहितीपट १९६० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला होता. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. त्यांनी १९९० साली सुरू केलेला मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मात्र चालू राहिला. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांचा हा महोत्सव दोन वर्षांनी भरतो आणि त्याचे मोठे बक्षीस म्हणजे सुवर्णशंख. जून २०२४ मध्ये त्याची अठरावी आवृत्ती झाली. तिथली जीवनगौरव भेट आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांच्या नावाने दिली जाते.

दोन रुपयांचा चित्रपट

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे येऊ. ते सहकाराचे आहे.

गुजरातच्या दूध सहकारी चळवळीवर श्याम बेनेगल यांनी आधी माहितीपट केले होते. त्यानंतर असा विचार निघाला की या विषयावर पूर्ण लांबीचा कथापट करावा. पैशाचा प्रश्न आला. डॉ. वर्गीस कुरियन यांनी तो सोडवला. गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाच्या ५ लाख दूध उत्पादक सभासदांनी प्रत्येकी २ रुपये द्यायचे. झाले १० लाख रुपये. १९७६ साली ‘मंथन’ निघाला. निर्माते म्हणून ५ लाख शेतकऱ्यांचा उल्लेख असलेला हा चित्रपट. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा, आणि बिंदूच्या भूमिकेत आपली स्मिता पाटील.

त्याला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्तम हिंदी चित्रपटाचा मान मिळाला, तेंडुलकरांना पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठवला गेला. पुढे फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची खराब होत चाललेली प्रत दुरुस्त केली आणि मे २०२४ मध्ये, म्हणजे ४८ वर्षांनी, कान महोत्सवात तो पुन्हा दाखवला गेला.

हे झाले मानाचे. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. ज्यांनी दोन-दोन रुपये दिले ते शेतकरी ट्रक भरभरून ‘आपला’ चित्रपट पाहायला गेले. आणि नंतर जिथे दूध संस्था नव्हत्या अशा गावांत जनावरांचे डॉक्टर, दुधाचे जाणकार यांच्याबरोबर हा चित्रपट नेऊन दाखवला गेला आणि त्यावर लोकांशी बोलणे झाले. चित्रपटाने संस्था उभ्या राहायला मदत केली.

आणखी एक सांगतो. त्या चित्रपटात सहकाराची नुसती आरती नाही. गावात जात आड येते. सरपंच संस्था आपल्याच हातात राहावी म्हणून धडपडतो. बाहेरून आलेला डॉक्टर शेवटी निघून जातो आणि गावकऱ्यांनाच काम पुढे न्यावे लागते. स्वतःच्या पैशाच्या चित्रपटात स्वतःच्या दुखऱ्या बाजू दाखवायचे धाडस त्या सभासदांच्या संघाने केले. म्हणून तो आजही बघवतो.

आमची चूक

हे दुसऱ्यांचे झाले. आता घरचे.

काही वर्षांपूर्वी शेतकी विभागातर्फे लागणीवर १८ मिनिटांचा माहितीपट काढला होता. बाहेरच्या मंडळींकडून करून घेतला. चित्रीकरण चांगले झाले, संगीत चांगले, ड्रोनमधून घेतलेली शिवाराची दृश्ये तर पाहत राहावीत अशी. तो एका स्पर्धेत पाठवला, तिथे त्याला प्रमाणपत्र मिळाले. ते चौकटीत बसवून मुख्य कार्यालयात लावले. मलाही बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

पुढच्या हंगामात एका गटात प्लॉट पाहायला गेलो. एका सभासद आक्कांच्या रानात तुटाळ फार होती. मी विचारले, “आक्का, बेणेप्रक्रिया केली होती का?”

“केली की साहेब. तुमच्या पिक्चरमध्ये दावली तशीच केली.”

“किती वेळ बेणे बुडवून ठेवले?”

“ठेवायचं कशाला? बुडवायचं आणि काढायचं. पिक्चरमध्ये बाईनं पाटी बुडवली आणि लगेच काढली. आम्ही बी तसंच केलं बगा.”

मी गप्प झालो. ऑफिसात येऊन माहितीपट पुन्हा पाहिला. आक्कांचे बरोबर होते. निवेदक म्हणतो, “बुरशीनाशकाच्या द्रावणात बेणे दहा मिनिटे बुडवावे.” पण चित्रात टोपली बुडते आणि तिसऱ्या सेकंदाला वर येते. संकलन करणाऱ्याने लांबी कमी करण्यासाठी मधला वेळ कापला होता. त्याच्या कलेत ते योग्यच. जिवाणू संवर्धकाच्या द्रावणात अर्धा तास ठेवायचे, तेही तसेच कापलेले. वर संगीत एवढे मोठे की आवाज नीट ऐकू येत नाही. आणि आमच्या बायाबापड्या माहितीपट पाहतात कुठे? गट ऑफिसच्या गर्दीत, मागे उभ्या राहून, नाहीतर मुलाच्या मोबाईलवर. ऐकू येते थोडे, दिसते सगळे. जे दिसते ते माणूस करतो.

तुटाळीला कारणे अनेक असतात. बेणे जुने असेल, पाणी जास्त झाले असेल. सगळा दोष त्या तीन सेकंदांवर टाकता येणार नाही. पण चुकीची रीत आमच्या पडद्यावरून त्या रानात गेली, हे खरे. मंजुरीपूर्वी तो माहितीपट मी स्वतः दोनदा पाहिला होता. मला चूक दिसली नाही, कारण मला उत्तर आधीच माहीत होते. परीक्षकांना दिसली नाही, कारण त्यांना बेणे बुडवायचेच नव्हते. ज्यांना बुडवायचे होते त्यांना आम्ही आधी दाखवलाच नाही. चूक माझी होती आणि ती या पानावर कबूल करतो.

दुसरी तक्रार एका तरुण सभासदाने केली. तो म्हणाला, “साहेब, त्यात सगळी रानं एका बांधाची, सपाट, ट्रॅक्टर सरळ जातोय. आमचं वीस गुंठं, वाटण्या होऊन तिरकं झालेलं. त्यात आमचं रान कुठं हाय?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सोयीच्या, रस्त्याकडेच्या, मोठ्या बागायतदारांच्या रानातच आम्ही कॅमेरा नेला होता. आपल्या कारखान्याचा बराच ऊस लहान सभासदांच्या रानातून येतो. त्यांनी माहितीपट पाहून ‘हे आपले नव्हे’ म्हणून मान फिरवली, तर ते प्रमाणपत्र भिंतीचे भोक झाकण्यापलीकडे कशाच्या कामाचे?

माहितीपट पाहताना सभासदाने काय पाहावे?

वरील अनुभवावरून काही प्रश्न काढले आहेत. कोणताही शेतीचा माहितीपट, मग तो कंपनीचा असो, सरकारी असो की आपला, पाहताना ते मनाशी विचारावेत.

१. पैसे कोणाचे? औषध किंवा खत कंपनीने काढला असेल तर माहिती खोटीच असते असे नाही. पण तिचा माल सोडून दुसरा उपाय त्यात दिसणार नाही, हे गृहीत धरावे.

२. साल कोणते? जात, औषध आणि खताची मात्रा यांच्या शिफारशी बदलतात. पाच-सात वर्षांपूर्वीचा असेल तर गट ऑफिसला विचारून मगच करावे.

३. रान कोणाचे? जमीन, पाणी, क्षेत्र आपल्यासारखे आहे का? ठिबकवरचे वेळापत्रक पाटपाण्याला जसेच्या तसे लागू होत नाही.

४. वेळ आणि माप दाखवले आहे का? ‘दहा मिनिटे’ म्हटले तर दहा मिनिटे कशी मोजायची, ‘१५ सेंटिमीटर’ म्हटले तर ते हाताच्या कोणत्या मापाने, हे दिसले पाहिजे.

५. खर्च आणि अपयश सांगितले आहे का? एकरी खर्च किती, कुठे फसते, फसले तर काय करायचे, हे नसेल तर ती जाहिरात समजावी.

६. बक्षीस कशाचे? कुठल्या गटात, कुणी दिले, एकालाच की अनेकांना? छायाचित्रणाचे बक्षीस म्हणजे शिफारशीचे बक्षीस नव्हे.

नवीन माहितीपट कसा करणार?

खोडव्याच्या माहितीपटात दाखवायच्या गोष्टी तुम्हाला नवीन नाहीत. पाचट न जाळता ते रानातच ठेवणे. बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटणे. छाटलेल्या बुडख्यांवर बुरशीनाशक फवारणे. पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू संवर्धक टाकणे. पहारीने बुडख्यापासून साधारण अर्ध्या फुटावर, अर्धा फूट खोल भोक घेऊन, एक-एक फुटाच्या अंतराने खत देणे आणि भोक बुजवणे. ऐकून सगळ्यांना पाठ आहे. तरी तोडणी झाली की संध्याकाळी शिवारात धूर दिसतोच. म्हणजे माहिती कमी पडत नाही, विश्वास कमी पडतो. ‘पाचट ठेवले तर उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, फुटवा मार खातो’ या तुमच्या शंका आहेत. त्या शंका घेऊनच माहितीपट सुरू झाला पाहिजे, आणि ज्याने तीन वर्षे पाचट ठेवले त्याच्याच तोंडून, त्याच्याच वीस गुंठ्यांत, उत्तर मिळाले पाहिजे.

म्हणून शेतकी विभागाचा प्रस्ताव असा आहे. चित्रीकरण लहान सभासदांच्या रानात करायचे. निदान दोन ठिकाणी एका बाजूला पाचट ठेवलेला आणि एका बाजूला जाळलेला असे शेजारी-शेजारी पट्टे ठेवायचे, आणि गळिताला दोन्हींचे वजन वेगळे काट्यावर करायचे. काटा जे सांगेल ते दाखवायचे. फरक कमी पडला तर कमी पडला म्हणून सांगायचे. निवेदन आपल्या बोलीत ठेवायचे. कच्ची प्रत तयार झाली की आधी चार गटांत दाखवायची आणि त्यातल्या दोन ठिकाणी फक्त महिलांना बोलवायचे, कारण खत देण्याचे, बेणे भरण्याचे काम बहुतेक त्यांच्याच हातचे असते. पाहून झाल्यावर ‘कसा वाटला?’ असे विचारायचे नाही. ‘काय करायचे ते करून दाखवा’ असे म्हणायचे. जिथे हात चुकेल तिथे चित्र दुरुस्त करायचे.

हे सगळे झाल्यावर, आणि एक खोडव्याचा हंगाम गेल्यावर, स्पर्धेचा विचार करू. स्पर्धेला माझा विरोध नाही. चांगल्या महोत्सवात गेलो तर दुसऱ्यांचे काम दिसते, आपले उणे कळते आणि दुसऱ्या कारखान्यांपर्यंत आपला अनुभव पोचतो. पण मध्यस्थाला मेहनताना देऊन, बक्षिसाची ‘खात्री’ विकत घेऊन नव्हे. ज्या स्पर्धेत खात्री मिळते ती स्पर्धाच नव्हे. तेवढ्या पैशात पट्ट्यांसाठी बेणे, खत आणि माती परीक्षण होईल. माझा अभिप्राय मी असा देणार आहे.

सभासदांना विनंती

ज्यांचे क्षेत्र एक एकराच्या आत आहे आणि या वर्षी खोडवा राखणार आहेत, अशा सभासदांनी चित्रीकरणासाठी रान द्यायची तयारी असल्यास आपल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. ‘माझा ऊस बारीक आहे, कॅमेऱ्यात कशाला?’ असे मनात आणू नये. बारीक उसाचेच तर उत्तर शोधायचे आहे. या प्रस्तावावर कुणाचे मत वेगळे असेल तर वार्षिक सभेत जरूर बोलावे. माझी चूक मी सांगितली, तुमची सूचना तुम्ही सांगा.

गुजरातच्या दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, कारण चित्रपट त्यांचा होता. तुमच्याकडून पैसे मागत नाही, वीस गुंठे रान आणि एक संध्याकाळ मागतो. माहितीपट निघाल्यावर त्या लागणीवाल्या आक्कांना पहिल्या रांगेत बसवायचे ठरवले आहे. त्यांनी “आता बरोबर दावलंय” म्हटले, की तो दाखवायला बाहेर काढू.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग